खात्रीसाहेबांची ताई

आमच्या वरच्या मजल्यावर एक गृहस्थ एकटेच राहतात. वर्तमानपत्राच्या कचेरीत निधनवार्तांचं पान त्यांच्याकडे आहे. कुणी गेल्याची बातमी आली की फोन करून ती पक्की करायची आणि मगच छापायला द्यायची, एवढंच काम. पण ते त्यांनी इतक्या निष्ठेने केलं की त्यांचं खरं नाव मागे पडलं आणि सगळे त्यांना खात्रीसाहेब म्हणू लागले.

त्यांची पद्धत साधी आहे. "बातमी खरी का?" असं ते कुणाला विचारत नाहीत. "हो म्हणायला माणसाचं काय जातंय?" असं त्यांचं म्हणणं. ते विचारतात, "तुम्हाला कोणी सांगितलं?" मग त्या सांगणाऱ्याला फोन, मग त्याला ज्याने सांगितलं त्याला. असं मागे मागे जात "मी डोळ्यांनी पाहिलं" म्हणणारा भेटला की थांबायचं. असे दोघे भेटले तर बातमी छापायची. "एकाच विहिरीचं पाणी चार घागरींत भरलं म्हणून चार विहिरी होत नाहीत, बाई," असं त्यांनी मला एकदा समजावलं होतं. कचेरीतले त्यांची चेष्टा करतात. "साहेब, तुम्ही कुणाच्या लग्नाला जाऊ नका हं. नवरदेवालाच विचाराल, तू नवरा कशावरून?"

या सवयीने त्यांचं काय गेलं ते मी जवळून पाहिलं आहे. संध्याकाळी आमच्या जिन्यापाशी चार माणसं जमतात. अशा गप्पा निम्म्याहून अधिक ऐकीवच असतात. "दुसऱ्या मजल्यावरचा मुलगा नोकरी सोडतोय म्हणे," असं कुणी म्हटलं की हे विचारणार, "म्हणे म्हणजे? कोण म्हणे?" की झालं, गप्पांचा रंगच उडाला. लोक त्यांच्याशी वाईट वागले नाहीत, पण ते आले की थंडीवाऱ्याचं बोलू लागले. खात्रीसाहेबांना ते कळत होतं. हल्ली ते जिना उतरताना वरूनच घसा खाकरतात. खालच्यांना विषय बदलायला वेळ मिळावा म्हणून.

त्यांनी लग्न केलं नाही. जवळचं म्हणावं असं माणूस एकच, थोरली बहीण. ती बसने दोन तासांवरच्या गावात राहते. नवरा गेलेला, मुलगी परदेशात. त्यांचे वडील शेवटी तिच्याकडेच होते. ते गेले तेव्हा हे कचेरीत कामावर होते. धावतपळत पोहोचले, तर ताईने त्यांचा हात हातात घेऊन सांगितलं, "धाकट्या, शेवटी तुझंच नाव घेतलं रे बाबांनी."

त्यावर हे म्हणाले, "खोलीत आणखी कोण होतं?"

"तोंडातून निघून गेलं, बाई," मला हे सांगताना ते स्वतःच्या तळहाताकडे बघत होते. ताईने तिथल्या तिथे हात सोडला. "मी होते. मी पुरत नाही का तुला?" एवढंच म्हणाली, आणि त्या दिवसापासून तिने भावाशी बोलणं टाकलं. यांनी फोन केला की ती आवाज ओळखून ठेवून द्यायची. अशी कित्येक वर्षं गेली.

गेल्या हिवाळ्यात एका दुपारी माझ्या दाराची कडी वाजली. उघडलं तर खात्रीसाहेब. कामाच्या वेळी त्यांना घरी आलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. पायांत चपला दोन वेगवेगळ्या जोडांतल्या.

"बाई, ताईची बातमी आली आहे. माझ्याच टेबलावर."

मी त्यांना बसवलं, पाणी दिलं. मग त्यांनी जे सांगितलं ते असं. ताईच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी कचेरीत फोन करून सोसायटीतर्फे श्रद्धांजली छापायला सांगितली होती. आपण भावाशीच बोलतोय हे त्यांना माहीत नव्हतं. यांनीही सांगितलं नाही. नेहमीचा प्रश्न विचारला.

"अहो, सगळ्या सोसायटीला माहीत आहे," सेक्रेटरी म्हणाले. "पहिल्या मजल्यावरच्या डॉक्टरांनी स्वतः सांगितलं."

डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "मी दातांचा डॉक्टर आहे हो. मी कुठे तपासलं? खालच्या दुकानदाराने सांगितलं म्हणून मी सेक्रेटरींच्या कानावर घातलं." दुकानदाराला वॉचमनने सांगितलं होतं. वॉचमन मात्र म्हणाला, "मी पाहिलं ना साहेब. ॲम्ब्युलन्समध्ये घातलं तेव्हा तोंडावरून चादर ओढलेली होती."

"चादर पाहिलीस. आणखी काय पाहिलंस?"

"आणखी काय बघायचं? जिवंत माणसाच्या तोंडावर कोण चादर ओढतं?"

ताईबरोबर शेजारीण गेली होती, पण घाईत तिचा फोन घरीच राहिला होता. मुलीला सेक्रेटरींनी अजून कळवलं नव्हतं. रुग्णालयाचं नाव वॉचमनला ठाऊक होतं, तिथे फोन केला तर "रुग्णांची माहिती फोनवर देत नाही" म्हणाले.

"म्हणजे चार माणसं आणि एक चादर," मी म्हटलं. "तुमच्याच हिशेबाने बातमी कच्ची आहे."

"तेच तर मला कळत नाहीये, बाई." ते म्हणाले. "दुसऱ्या कुणाची बहीण असती तर मी छातीठोकपणे कच्ची म्हणालो असतो. पण ही माझी आहे. ती जिवंत असावी असं मला वाटतंय, म्हणून तर मला पुरावा कच्चा दिसत नसेल ना? आज माझ्या डोक्यावर माझाच भरवसा नाही. तुम्ही चला बरोबर."

मी शाल घेतली, त्यांना एका जोडाच्या चपला घालायला लावल्या आणि आम्ही निघालो. बसमध्ये ते तिकिटाची गुंडाळी करत आणि उलगडत बसले होते.

रुग्णालयात चौकशीच्या खिडकीपाशी रांग होती. ते रांगेत उभे राहिले, नंबर आला तसे एकदम बाजूला झाले आणि मला म्हणाले, "तुम्ही विचारा." मी विचारलं. खिडकीतल्या मुलीने संगणकात पाहिलं आणि मान वर न करता म्हणाली, "बायकांचा वॉर्ड, दुसरा मजला. भेटायची वेळ संपत आलीय, लवकर जा."

मला वाटलं ते धावत सुटतील. ते भिंतीला पाठ लावून उभे राहिले आणि खूप वेळ चष्मा पुसत राहिले.

वॉर्डाच्या दारातच शेजारीण भेटली. चादरीचं ऐकून तिने कपाळावर हात मारला. "अहो, स्ट्रेचरवर डोळ्यांत ऊन येत होतं, म्हणून ताईंनीच ओढून घेतली! त्या वॉचमनला काही कामधंदा?" छातीत पाणी झालं होतं, पण आता धोका नाही, असंही तिने सांगितलं. मग आत वाकून म्हणाली, "ताई, तुमचे भाऊ आलेत."

ताई उशीला टेकून बसली होती. बारीक चणीची, नाकाशी नळी, डोळे मात्र लखलखीत.

"मला भाऊ आहे? कोणी सांगितलं तुला?"

शेजारीण गोंधळली. मला हसू आलं आणि मग हसल्याची लाज वाटली.

"ताई, तू गेल्याची बातमी आली होती," खात्रीसाहेब म्हणाले.

"मग? छापलीस?"

"नाही."

"का रे? साक्षीदार कमी पडले वाटतं." तिला खोकला आला. यांनी पुढे होऊन पाण्याचा पेला धरला. ती त्यांच्या हातून दोन घोट प्यायली. तेवढ्याने त्यांना धीर आला असावा. स्टूल ओढून ते तिच्याजवळ बसले.

"ताई, बाबा शेवटी काय म्हणाले ते मला परत सांग ना. मी काही विचारणार नाही."

ती त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिली. मी जरा लांब उभी होते, पण तिचा चेहरा मला स्वच्छ दिसत होता.

"मला आठवत नाही," ती म्हणाली.

"थोडंसं तरी?"

"आठवत नाही म्हटलं ना. इतकी वर्षं झाली, त्यात ही औषधं." तिने पांघरूण सारखं केलं. "जा आता, बस चुकेल तुझी."

"पुढच्या रविवारी येऊ?"

"तुला कोण अडवतंय?"

परिचारिका घंटी वाजवत आली, आम्ही निघालो. बाहेरच्या फोनवरून खात्रीसाहेबांनी कचेरीत कळवलं, बातमी खोटी आहे, छापू नका. पलीकडून कुणीतरी मोठ्याने शाबासकी दिल्याचं मलाही ऐकू आलं. यांनी फक्त "बरं" म्हटलं.

परतीच्या बसमध्ये अर्ध्या वाटेवर त्यांनी विचारलं, "बाई, तुम्ही इतकी वर्षं शाळेत मुलांचे चेहरे वाचलेत. ती खरंच विसरली असेल? की सांगायचं नव्हतं? की बाबा मुळात काही बोललेच नव्हते, आणि तेव्हा मला बरं वाटावं म्हणून तिने…"

मी मनापासून आठवून पाहिलं. तो थकलेला चेहरा, माझ्यापुरता तरी, काहीच सांगत नव्हता.

"मला नाही कळलं," मी म्हणाले.

"बरं केलंत, उगीच काहीतरी सांगितलं नाहीत ते," ते म्हणाले. मग जरा वेळाने, "आता ते फक्त तिलाच माहीत. आणि मी तिला विचारायचं नाही."

आम्ही उतरलो तेव्हा दिवे लागले होते. जिन्यापाशी नेहमीची मंडळी जमलेली दुरून दिसत होती. मी म्हटलं, चला, माझ्याकडे दोन घास खाऊन घ्या. ते नको म्हणाले. ताईच्या बातमीपुरती जागा त्यांनी पानावर रिकामी ठेवायला सांगितली होती, ती भरायला कचेरीत जायला हवं होतं. शाल त्यांच्या अंगावर द्यावी असं माझ्या मनात आलं, तोवर ते रस्ता ओलांडून गेले होते.