विनामंजुरी पाय

दिगंबर मुतालिकांची पाठ १९४७ साली वाकायला लागली आणि त्यानंतर तिने मागे वळून पाहिलं नाही. कलकत्त्यात एस्प्लनेडजवळच्या एका सरकारी कचेरीत ते सात वर्षं हंगामी कारकून होते. कायम व्हायचं तर सरकारी डॉक्टरसमोर ताठ बसून दाखवावं लागे. दोनदा ते नापास झाले होते. तिसऱ्यांदा झाले तर नोकरी जाणार, असं त्यांना लेखी कळवण्यात आलं होतं.

दोनशे वर्षांपूर्वी मराठी स्वारांच्या भीतीने जिथे खंदक खणायला घेतला, त्या बागबाजारातच त्यांचं बिऱ्हाड होतं. त्या स्वारांना बंगाली माणूस बर्गी म्हणे. कचेरीत मुतालिकांनाही म्हणे.

"अहो, सांगलीच्या तालमीत आसनं शिकलात ना?" एकदा त्यांच्या पत्नी श्यामलाबाई वैतागून म्हणाल्या. "मग डब्याआधी करा की कचेरीतच. नुसते कण्हता काय?"

दुसऱ्या दिवसापासून मुतालिक मधल्या सुट्टीत जमिनीवर वर्तमानपत्र पसरून, पाय दप्तराच्या कपाटाला टेकवून उताणे पडू लागले. "बर्गी शेवटी शरण आला," शेजारच्या टेबलावरचे शरच्चंद्रबाबू म्हणाले, आणि आठवड्याने स्वतःच शेजारी आडवे झाले. तीन महिन्यांत कपाटांपाशी अकरा जण झाले. मुतालिकांची पाठ सरळ झाली, शरच्चंद्रबाबूंची डोकेदुखी गेली. कचेरीतली भांडणं थांबली. आलेला कागद त्याच दिवशी निकालात निघू लागला.

हे अधीक्षक घोषालबाबूंच्या लक्षात आलं आणि ते घाबरले.

"मुतालिकबाबू, हुकुमाशिवाय चाललेली गोष्ट बंद करावी लागते, नाहीतर मंजूर."

त्यांनी मंजूर केली. पाय वर घेण्यासाठी अर्ज, खाली घेण्यासाठी वेगळा अर्ज, दोन्हींवर साहेबांची सही. साहेब चटकन सही करत, म्हणून पहिला आठवडा सुखात गेला. बुधवारी साहेब पहिल्या अर्जावर सही करून कटकला दौऱ्यावर गेले. दुसरा त्यांच्या टेबलावर राहिला.

त्याच दुपारी तिसऱ्या तपासणीसाठी सरकारी डॉक्टर आले.

"मुतालिक कोण?"

"डावीकडून चौथे पाय," घोषालबाबू म्हणाले.

"उठून बसा."

मुतालिकांनी घोषालबाबूंकडे पाहिलं. घोषालबाबूंनी छताकडे पाहिलं. "साहेब शनिवारी येतील."

"मग मी लिहितो, उमेदवार बसू शकला नाही." डॉक्टरांनी पेनाचं टोपण काढलं.

"हलू नकोस रे बर्गी," शरच्चंद्रबाबू कुजबुजले. "हुकूम मोडलास तर आजच हाकलतील."

सात वर्षांत मुतालिक पाणी प्यायलासुद्धा विचारून उठले होते. त्यांनी एक पाय खाली घेतला. थांबले. पंखा फिरत होता, बाहेर ट्राम घणघणत होती, कुठेही काही झालं नाही. मग दुसरा घेतला आणि ते उठून बसले.

डॉक्टरांनी भोवती एक फेरी मारली, माठ पारखावा तशी पाठीवर टिचकी मारली, "लायक" असं लिहून कागद घोषालबाबूंना दिला आणि निघून गेले.

तासाभराने मुतालिकांच्या टेबलावर मेमो आला. विनामंजुरी पाय खाली का घेतले, याचा तीन दिवसांत खुलासा करावा.

त्यांनी तो वाचला. पुन्हा वाचला. हंगामी माणसाला खुलासा कुणी विचारत नाही. उद्यापासून येऊ नका, एवढंच सांगतात.

"घोषालबाबू, हा मलाच ना?"

"तुम्हालाच. कायम माणसाकडून खुलासा मागवावाच लागतो. नियम आहे." घोषालबाबूंना स्वतःलाच ते आवडलेलं दिसलं नाही.

"एक जादा प्रत मिळेल? घरी दाखवायला हवी."

"अर्ज करा."

मुतालिक ताठ बसून अर्ज लिहू लागले. कपाटाला वीस पाय टेकलेले होते. त्यांच्या खालून शरच्चंद्रबाबूंचा आवाज आला, "काय रे, कसं वाटतंय तिकडे?"

"दुखत नाही," मुतालिक म्हणाले.