दगडफुलावरचे ठिपके

विश्वनाथ गेल्याचं मला दुकानात कळलं. मोंढ्यातला हमाल सांगत आला, "शेठ, तुमचे ते दगडवाले सर गेले की!" दगडवाले! आयुष्यभर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलेल्या माणसाची परळीत ही ओळख. महिना उलटला, तरी माझा संताप काही उतरत नाही.

आम्ही शाळासोबती. माझं दुकान किराणा-मसाल्याचं. काळ्या मसाल्याचं दगडफूल आलं की हा पठ्ठ्या गोणीशी उकिडवा बसून भिंग लावायचा. काळे ठिपके पडलेलं दगडफूल गिऱ्हाईक घेत नाही, म्हणून मी ते बाजूला फेकायचो. याला नेमकं तेच हवं. "कावून फेकतो बे?"

"कीड हाय ती."

"कीड न्हाई, बुरशी हाय. दगडफूल म्हंजेच बुरशी अन् शेवाळाचा संसार. त्यांच्या घरात ही तिसरीच बुरशी येऊन ऱ्हायली... बघ तरी!" मी बघायचो. मला नुसते ठिपके दिसायचे, पण त्याचा चेहरा बघून लई बरं वाटायचं.

धारूरच्या डोंगरातल्या कातळावर वाढलेल्या दगडफुलावरही त्याला असे ठिपके सापडले. मग रस्त्यांची कामं निघाली, खडीचा क्रशर आला आणि तो कातळच फुटायला लागला. यानं सायकलच्या कॅरियरला पोतं बांधून जमतील तेवढे दगड आणले, कॉलेजच्या खोलीत मांडले. त्या कातळावरचं तेवढंच काय ते उरलं होतं. पुढं कॉम्प्युटरचं वारं आलं, खोली रिकामी करा म्हणून सगळे मागं लागले. हा होता तोवर त्यानं कुलूप काढू दिलं नाही.

तेरावा दिवस झाल्यावर कॉलेजनं शोकसभा ठेवली. विश्वनाथच्या बायकोला, वहिनींना घेऊन मी गेलो. आवारात त्याच्या नावानं बेलाचं रोप लावलेलं आणि रोपाभोवती गोल... त्याचेच दगड! तारेच्या ब्रशनं घासून, एक चुन्यानं पांढरा केलेला, एक गेरूनं लाल. प्राचार्य हात जोडून कौतुकानं म्हणाले, "सरांचेच दगड वापरले, वहिनी. लई घाण बसली होती, पोरांनी घासून काढली." अरे, घाण? त्या घाणीपायी माणसानं जन्म घालवला! हेतू वाईट नव्हता म्हणे. नसेल. पण हा माणूस कुलपाआड काय जपत होता, हे एकानंही विचारू नये?

मी तोंड उघडणार, तोच वहिनी खाली बसल्या. रोपाच्या पाण्यात पदर भिजवून त्यांनी एक दगड पुसला. चुना निघाला, खाली कोरा दगड. दुसरा पुसला. तिसऱ्याला हात लावलाच नाही. उठल्या, त्याच्या फोटोसाठी आणलेला हार माझ्या हातात दिला.

"त्या दिवशी न्हाई, भाऊजी... ते आज गेले. चला घरी."