हात शिवशिवणारे सर

दोन हजार पाच-सहा साल असेल. परदेशात, टाकानिनी नावाच्या उपनगरातल्या आमच्या नव्या घराचा लाकडी डेक पावसाने निसरडा झाला होता आणि वाळत घातलेले कपडे काढायला मी जॅन्डल्स, म्हणजे रबरी सपाता, घालून धावले. कपडे वाचले, उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं तेव्हा हात लाकडासारखा ताठ झालेला. मग दर आठवड्याला जवळच्या पापाकुराच्या एका क्लिनिकमध्ये हाताचे व्यायाम सुरू झाले.

तिथे एका मोठ्या टेबलाभोवती आम्ही जायबंदी हातांची माणसं बसायचो. माझ्या शेजारी एक चिनी गृहस्थ असायचे. चीनमध्ये शाळेत भाषा शिकवून निवृत्त झालेले, इथे मुलाकडे राहायला आलेले आणि लिंबं काढताना शिडीवरून पडलेले. शिक्षक म्हटल्यावर माझ्या तोंडून आपोआप ‘सर’ निघालं, ते त्यांना फार आवडलं. त्यांचं इंग्रजी मोजकंच, पण दुसऱ्याला चिडवायला पुरायचं.

पहिल्याच दिवशी थेरपिस्ट मुलीने मला कणकेसारखा एक गोळा दाबायला दिला. मी सगळा जीव एकवटून दाबला, तर त्यावर बोटांचे ठसेसुद्धा धड उमटेनात.

“शौ शंग,” सर म्हणाले. “शौ म्हणजे हात. हात कच्चा. सवय मोडली की आम्ही असं म्हणतो.”

“कच्चा नाही हो सर, दुखतोय.”

“कच्चा आहे म्हणून दुखतोय.”

तेव्हापासून दर खेपेला माझ्या वाट्याला एखादा वाक्प्रचार यायचाच, बहुतेक वेळा माझ्या चुकीवरून. व्यायाम सोडून मी इतरांची गंमत बघत बसले की सर म्हणायचे, “बाह्यांत हात घालून कडेला उभी!” म्हणजे मदत न करता नुसती बघणारी. मी सांगितलं, आमच्याकडे अशी माणसं हातावर हात ठेवून बसतात. त्यांनी जरा विचार केला.

“तुमच्याकडे थंडी कमी असणार,” ते म्हणाले.

एकदा मात्र ते स्वतःच अडकले. “माझा हात खाजतोय,” असं ते थेरपिस्टला म्हणाले मात्र, ती घाबरलीच. मनगटाला बांधलेल्या पट्ट्याची ॲलर्जी असेल म्हणून तिने पट्टा सोडला, धावत जाऊन क्रीम आणलं. सर ‘नको, नको’ करत हात मागे घेत होते. मला एकदम उलगडलं, यांना खाज सुटलेली नाही, यांचे हात शिवशिवताहेत! पण आपल्याकडे हात शिवशिवतात ते बहुधा कुणाला तरी एक ठेवून द्यायला. म्हणून मी जपूनच विचारलं, “सर, कुणाला मारायचंय?”

“माजाँग,” सर केविलवाण्या आवाजात म्हणाले. शिडीवरून पडल्यापासून ठोकळ्यांच्या त्या खेळाला त्यांनी हात लावला नव्हता. मी थेरपिस्टला समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं, पण क्रीम लावलंच.

मग एकदा आमच्या टेबलावरच्या एका ट्रकवाल्या काकांनी सगळ्यांसाठी बिस्किटांचा डबा आणला. झाकण निघेना. कुणी डबा पोटाशी धरला, कुणी झाकणात चमचा घातला, मी कोपराने दाबत होते. “सात हात, आठ पाय!” सर ओरडले. सगळे एकदम तुटून पडले की उडणारा गोंधळ तो हाच. “धड हात असते तर कशाला एवढं, मेट,” असं काका म्हणेपर्यंत झाकण उडालं आणि बिस्किटं जमिनीवर.

हिवाळा सरता सरता मला पोळ्या लाटता यायला लागल्या. त्या गोल नव्हत्या, पण पोळ्या होत्या. त्या आनंदात मी सरांना आणि त्यांच्या बायकोला जेवायला बोलावलं. बाईंना इंग्रजी जवळजवळ येत नव्हतं, पण आल्या त्या थेट स्वयंपाकघरात, आणि मी लाटलेली प्रत्येक पोळी भाजायला घेतली. सर आणि माझा नवरा सोफ्यावर. जेवणं झाली, पुन्हा दोघं सोफ्यावर. तिथूनच सरांनी पाणी मागितलं.

बाई चिनीत काहीतरी फाडकन बोलल्या. सरांचे कान लाल झाले.

“काय म्हणाल्या त्या?” मी विचारलं.

“काही नाही. व्याकरण.”

“सर, मला शौ ऐकू आलं.”

तेव्हा बाईंनी हातातली ताटली खाली ठेवली आणि दोन्ही हात झुलवत ऐटीत हॉलमध्ये फेरी मारली. ओट्याकडे एक नजर टाकली, छान चाललंय अशी मान डोलावली आणि कशालाही हात न लावता सोफ्यावर जाऊन बसल्या. शेवटी सरांना सांगावंच लागलं, “हात झुलवणारा दुकानमालक. सगळं काम दुसऱ्यांवर टाकून नुसता फिरतो तो.”

मराठी ऐकून इंग्रजीत उत्तर देणारी माझी मुलगी टाळ्या पिटत ओरडली, “आई, दॅट्स सो बाबा!”

इतका वेळ सगळ्यांत मोठ्याने हसणारा माझा नवरा थांबला. दोघा पुरुषांनी एकमेकांकडे बघितलं, उठले आणि ताटं गोळा करायला लागले.

आतून बराच वेळ भांड्यांचे आवाज येत होते. एक बशी फुटली. बाई उठायला लागल्या, तसं मी त्यांचा हात धरून त्यांना पुन्हा खाली बसवलं.