आखाजीच्या चालीवर

ऊन चढायच्या आत बिबडे थापून व्हायला हवेत, हा लताबाईंचा दर उन्हाळ्यातला हुकूम. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होऊन चौथा दिवस. धुळ्याच्या देवपुरातल्या त्यांच्या घरात सकाळी सातलाच ज्वारीचा घाटा रटरटत होता आणि लसणाचा वास पार गल्लीपर्यंत गेला होता. मागच्या अंगणात खाटेवर ओलं धोतर अंथरून त्यांची लेक नूतन त्यावर पापडासारख्या पातळ चकत्या थापत बसली होती. कोपरापर्यंत हात घाट्याने बरबटलेले. वडील हितेंद्र आरशापुढे दाढी करत होते. तेवढ्यात दार वाजलं.

बेल असताना दार बडवणारं माणूस त्यांच्या नात्यात एकच होतं.

"अक्का आली वाटतं," हितेंद्र अर्ध्या फेसानिशी म्हणाले.

सुनंदाबाई, म्हणजे नूतनची आत्या, पारोळ्याहून पहिल्या एस.टी.ने आल्या होत्या. पाणी नाही, चहा नाही, चपला काढल्या न काढल्या आणि थेट अंगणात. पदराच्या टोकाने घाम पुसत त्यांनी मोबाईल नूतनच्या नाकासमोर धरला.

"काय करी ठेवं वं माय तू हाई?"

"बिबडे," नूतन म्हणाली.

"थट्टा नको करू! हे गाणं. आत्ताच्या आत्ता काढून टाक."

गाणं म्हणजे नूतनची कविता. आखाजीला खानदेशातल्या लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात आणि गाणी म्हणतात. त्याच चालीवर नूतनने अहिराणीत तीन कडवी रचली होती आणि सणाच्या दिवशी झोक्यावर बसून म्हटलेला व्हिडिओ इन्स्टाग्रामवर टाकला होता. आत्याने चाल ऐकली, नव्या साडीतली भाची पाहिली आणि त्यांचा ऊर भरून आला. पहिल्या दोन ओळींवरच त्यांनी काल संध्याकाळी तो व्हिडिओ त्रेचाळीस माणसांच्या 'गोतावळा' ग्रुपवर टाकला. वर पारोळ्याच्या योगराज नानांनाही पाठवला. खाली लिहिलं, 'आमची नूतन, आखाजीनं गानं.' योगराज नानांच्या मुलासाठी, दीपकसाठी, नूतनच्या लग्नाचं बोलणं चाललं होतं आणि मध्यस्थ आत्याच होत्या.

झोक्याचं गाणं शेवटपर्यंत कोण ऐकतं? चाल ओळखीची असली की माणसं मान डोलावतात आणि कामाला लागतात. पण मुलीची पारख करायची म्हणून पारोळ्याच्या माणसांनी ते शेवटपर्यंत ऐकलं आणि रात्रीच आत्याला विचारलं, हे काय?

झोका चालना वं माय, वर आभायले,
जीव राह्यना खाले, सांगू कोणले?

पाय मोडना ते येतस बठ्ठा धाईसन,
मन मोडनं ते जातस तोंड फिराईसन.

पाय मोडला तर सगळे धावत येतात, मन मोडलं तर तोंड फिरवतात. आणि तिसरं कडवं, ज्यासाठी आत्याने पहिली गाडी पकडली होती:

रोज गोयी खास, म्हनीसन जित्ती शे,
लपाडू कसाले, मी काय चोर शे?

"गोळी खाते म्हणून जिवंत आहे म्हणे! लपवू कशाला म्हणे! जगाला सांगायची काय गरज होती?" आत्या खाटेच्या कडेला टेकल्या. "आता फोन आला की सांग, अॅक्टिंग होती म्हणून. पोरं करतात ना, तशी."

"पण अॅक्टिंग नव्हती, आत्या."

ती नव्हती, हे त्या घरातल्या तिघांना पक्कं माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला नूतनने अंथरूण धरलं. ताप नाही, खोकला नाही. नुसती भिंतीकडे तोंड करून पडलेली. वेणी आठ आठ दिवस तशीच, जेवायचा कंटाळा, वहीतली अक्षरं डोळ्यांपुढून सरकेनात. विचारलं की एकच सांगायची, "जीव लागत नाही." नातेवाइकांना काय सांगायचं? हितेंद्रांनी कावीळ सांगितली. झालं, यावलहून कोणीतरी कावीळ उतरवायची माळ पाठवली, कोणी मुळ्याचा रस सुचवला. न झालेल्या काविळीची माळ नूतनने पंधरा दिवस गळ्यात घातली. शेवटी एका सकाळी लताबाईंनी रिक्षा बोलावली आणि नवऱ्याला न विचारता पोरीला मनाच्या डॉक्टरकडे नेलं. डिप्रेशन, डॉक्टर म्हणाले. औषधं आहेत, बरं होतं. त्या एका शब्दाने नूतनला आधी रडू आलं आणि मग पहिल्यांदा हलकं वाटलं. म्हणजे आपण आळशी नव्हतो, नाटकी नव्हतो, आजारी होतो.

पुढे परीक्षा दिली, पास झाली, क्लासमध्ये शिकवायला लागली. 'जीव लागत नही' या नावाने इन्स्टाग्रामवर खातं उघडलं आणि कविता म्हणायला लागली. आधी अठरा जण होते, त्यातल्या सहा मैत्रिणी. आता अकरा हजार. प्रत्येक कवितेखाली ती लिहायची, 'मी डॉक्टर नाही. त्रास होत असेल तर १४४१६ या सरकारी नंबरवर फोन करा, फुकट आहे.' खाली टोमणेही यायचे. 'येडी पोरगी', 'प्रसिद्धीचा सोस'. ती ते पुसत नसे. आपल्यासारख्यांना काय ऐकावं लागतं ते इतरांनाही दिसू दे, म्हणायची.

हितेंद्रांनी तोंड धुतलं आणि आत्याच्या हातातला मोबाईल घेतला. "नूतन, अक्का म्हणते ते ऐक. स्थळ चांगलं आहे."

"पप्पा, एक सांगा. सासुरवाशीण झोक्यावर बसून सासरच्या नावाने रडते, ते गाणं. नणंदेला शिव्या घालते, तेही गाणं. सगळी आळी टाळ्या वाजवते. मी माझं दुखणं त्याच चालीवर म्हटलं, तर अब्रू गेली?"

"ती गाणी कोणाच्या नावावर नसतात, बाई!" आत्या उसळल्या. "तू स्वतःचं नाव लावून बसलीस!"

"म्हणूनच लावलं. काल यावलच्या एका नर्सिंगच्या मुलीचा मेसेज आला. म्हणे, ताई, मला हे सगळं वर्षभर होतंय, पण हा आजार असतो हेच माहीत नव्हतं. नाव लावलं नसतं तर तिने कोणाला लिहिलं असतं? झोक्याला?"

लताबाई घाट्याचं पातेलं घेऊन बाहेर आल्या होत्या. त्या फार बोलणाऱ्यातल्या नव्हत्या. पातेलं खाली ठेवून म्हणाल्या, "ताई, भिंतीकडे तोंड केलेली पोर मी पाहिलीय. तुम्ही नाही पाहिली."

आणि नेमका तेव्हाच हितेंद्रांच्या हातातला आत्याचा मोबाईल वाजला. योगराज नाना. आत्याने खूण केली. हितेंद्रांनी स्पीकर लावला.

"नूतन शे का तठे?" नानांचा आवाज गोड होता, व्यापाऱ्याचा सरावलेला गोडवा. "बेटा, गाणं झकास. गळाही चांगला. आमची काही हरकत नाही बरं का. आजकाल होतं असं. फक्त एवढं करा, ते शेवटलं कडवं तेवढं काढी टाका. लगीन व्हई जावं, मंग काय म्हणायचं ते म्हण."

आत्याचा चेहरा उजळला. देवच पावला म्हणायचा! पूर्ण व्हिडिओही नको, एक कडवं. दोन ओळी. हितेंद्रांनी लेकीकडे आशेने पाहिलं. दोन वर्षांत त्यांनी तिच्याकडे काही मागितलं नव्हतं.

तिने हातावरचा वाळत आलेला घाटा बोटांनी ओढून काढला.

"नाना, पहिली दोन कडवी कोणाचीही आहेत. शेवटचं माझं आहे. ते काढलं तर मी दुसऱ्या कोणाचं तरी दुःख गाते असं होईल. आणि लग्नानंतर गोळ्या माहेरच्या पिशवीत लपवून खायच्या, तेही मला जमायचं नाही. दीपकना काही विचारायचं असेल तर त्यांनी मला फोन करावा. डॉक्टरांकडे सोबत यायचं असेल तर यावं. कडवं राहील."

"बरं," नाना म्हणाले. गोडवा थोडा उतरला होता. "मंग घरमा बोलीसन कळाडू."

फोन बंद झाला. "कळवू" म्हणजे काय ते खानदेशात पाच वर्षांच्या पोरालाही कळतं. आत्याने कपाळावर हात मारला. "दारात आलेलं स्थळ घालवलं! पंचवीस एकर! पंचवीस!"

"अक्का, बस कर," हितेंद्र म्हणाले. त्यांनी मोबाईल बहिणीच्या मांडीवर ठेवला आणि बाही वर करून खाटेच्या दुसऱ्या बाजूला बसले. पहिलीच चकती त्यांनी वेडीवाकडी थापली. लताबाईंनी ती न बोलता सरळ केली.

आत्याच्या मांडीवर मोबाईल टुणटुणत होता. गोतावळा जागा झाला होता. कोणी विचारत होतं, पोरीला काय झालंय, कोणी लिहिलं होतं, कसल्या गोळ्या, कोणी नुसतंच रडका चेहरा टाकला होता. आत्याने चष्मा चढवला, उतरवला. आवाजातला जोर गेला होता.

"आता मी काय लिखू वं यासले?"

नूतन आत्याच्या पायाशी येऊन बसली.

"आत्या, माझं एवढंच ऐका. त्यांना लिहा, नूतनला डिप्रेशन आहे आणि ती औषध घेते."