पदरानं पुसलेली खुर्ची

"खुर्ची धुऊन ठेव," मालक आईला म्हणाले. "पोरीनं बाटवली."

मी आठ वर्षांची होते. कळंब तालुक्यातलं आमचं गाव. आई मालकांकडं तूर बडवायला गेली होती, मी तिच्या मागं. ओट्यावर लोखंडी खुर्ची होती. दमले होते, बसले. एवढाच गुन्हा. आईनं बादलीभर पाणी आणलं, खुर्ची धुतली, स्वतःच्या पदरानं पुसली. मग सगळ्यांदेखत माझ्या थोबाडीत दिली. मालकांना हात उचलावाच लागला नाही.

त्यानंतर मला कुणी खाली बस म्हणायची गरज पडली नाही. दवाखान्यात, बँकेत, लग्नात, बाकडं रिकामं असलं तरी मी भिंत शोधायची आणि भुईवर टेकायची. इथंच बरं वाटतं, असं वर हसून सांगायची. जित्याची खोड.

लेक पाचवीत गेली तेव्हा मला पालक म्हणून शाळेच्या समितीवर घेतलं. अध्यक्ष त्याच मालकांचा मुलगा. ऑफिसात आठ खुर्च्या, माणसं पाच. मी दाराशी चटईवर. चहा मीच आणायची, सही खाली बसूनच करायची. दोन वर्षं असंच चाललं.

मग एका बैठकीला लेक घराची किल्ली मागायला आली. उन्हातून आलेली पोर, रिकाम्या खुर्चीत सहज बसली. अध्यक्ष मोबाईलमध्ये होते, त्यांनी पाहिलंसुद्धा नव्हतं. मीच तिला दंड धरून ओढलं.

"ऊठ. आपली जागा हाय का ती?"

आणि पदरानं खुर्ची पुसली. कुणी सांगितलं नव्हतं.

शाळेतल्या नव्या मॅडम मुलांकडून रोज एक वही लिहून घेतात, आज मला काय जमलं याची. लेक भरभरून लिहायची. सायकलची चेन बसवली, अपूर्णांकांचा भागाकार आला. त्या दिवसानंतर पानं कोरी. मॅडमनी मला बोलावून वही दाखवली. शेवटी एकच ओळ होती, आपल्याला काय जमणार. मॅडम रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "हे जन्मतः येत नाही ताई. कुणीतरी शिकवतं."

कुणी ते त्यांना ठाऊक नव्हतं. मला होतं. माझी मान वर होईना.

मीही तसलीच वही केली. पहिल्या दिवशी पाहुण्यांसाठी ठेवलेल्या खुर्चीत बसून जेवले, ते लिहिलं. पुढच्या आठवड्यात किराणा दुकानाच्या बाकड्यावर बसले. मग कळंबच्या एसटी स्टँडवर, कडक इस्त्रीतल्या माणसाच्या शेजारी. जीव मुठीत धरून बसले, पण कुणी उठवलं नाही. एकदा बँकेत धीर सुटला आणि भुईवर बसले. तेही लिहिलं, आणि खाली लिहिलं, उद्या परत.

परवाच्या बैठकीत मी अध्यक्षांच्या समोरची खुर्ची ओढली आणि बसले.

ते म्हणाले, "आधी चहाचं बघ गं."

"मी सदस्य हाय, साहेब. चहा दुसऱ्या कुणाला सांगा."

अध्यक्षांनी कागद चाळायला घेतले.

तेवढ्यात लेक दारात आली. मी शेजारची खुर्ची दाखवून तिला बस म्हणाले. तिनं आधी अध्यक्षांकडं पाहिलं. मग माझ्याकडं, माझ्या पदराकडं. आणि चटईवर बसली.

ते बघणं मी शिकवलंय. मालकांचा त्यात वाटा आहे, पण माझ्या पोरीचा दंड त्यांनी धरला नव्हता. आईला मी माफ केलं. लेकीनं मला करावं, असं तिच्याकडं मागायचं तोंड मला नाही.

दर महिन्याला मी त्याच खुर्चीत बसणार आहे. शेजारची रिकामी राहील. दुसरं कुणी बसायला आलं, अध्यक्ष आले तरी सांगणार आहे, ही माझ्या लेकीची आहे.