चष्म्याच्या दुकानातली बिनचष्म्याची मावशी

आमची मावशी चष्म्याच्या दुकानात कामाला आहे, आणि परवापरवापर्यंत त्या दुकानात चष्मा लावायला बंदी होती ती फक्त तिला. मालकांना जाड भिंगं, काचा घासणाऱ्या काकांना त्याहून जाड. पण "काउंटरवरच्या बाईचा चेहरा कसा मोकळा हवा," हे मालकांचं ठाम मत. चष्मा लावायचाच असेल तर मागच्या खोलीत बसून डब्या पुसा, म्हणाले. माणसांशी बोलल्याशिवाय मावशीला घास गिळवत नाही. तिने मुकाट्याने चष्मा खणात टाकला.

तेव्हापासून सगळा कारभार अंदाजपंचे. एका गृहस्थांनी अजून फ्रेम उचललीही नव्हती, तोच ही म्हणाली, "अगदी राजबिंडे दिसताय हो!" गृहस्थ खूश होऊन दोन फ्रेमा घेऊन गेले, आणि मालकांचं मत आणखी पक्कं झालं. संध्याकाळी मात्र ती डोकं धरून, डोळ्यांवर ओला रुमाल घेऊन पडलेली असायची. मला मालकांचा आणि तिचाही राग यायचा.

एकदा मी तिचा डबा द्यायला गेले, तेव्हा एक बाई आपल्या लहान मुलीला ओढत दुकानात आली. नुकताच नंबर लागलेला, आणि मुलगी फ्रेमेला हात लावायला तयार नाही.

"मी घाण दिसेन," ती मुसमुसत म्हणाली.

"छे गं! चष्म्यात माणूस छानच दिसतं," मावशी म्हणाली.

"मग तुम्ही का नाही लावत?"

"मला कुठे लागतो?"

मुलगीही खमकी. चार पावलं मागे सरली. "माझ्या फ्रॉकवर काय आहे सांगा."

मावशीने डोळे बारीक केले. "फुलं."

"मासे आहेत!"

काका खाली मान घालून काच घासत राहिले. मावशीने एकदा गल्ल्यावरच्या मालकांच्या दिशेने पाहिलं, खण उघडला आणि चष्मा चढवला.

"अगं बाई, मासेच की! आणि या एकाला शेपूटच नाही!"

मुलगी खुदकन हसली आणि तिने फ्रेमेसाठी हात पुढे केला.

मायलेकी गेल्यावर मालक खाकरले. "बाई, आता चष्मा..."

"काढते की," मावशी त्यांना निरखत म्हणाली. "पण साहेब, तुमच्या शर्टाचं बटण एक घर चुकलंय. रोजच चुकतं का हो?"

मालक बटणं चाचपत मागच्या खोलीत गेले.

मावशीने गिऱ्हाइकांसाठीचा आरसा स्वतःकडे वळवला आणि बराच वेळ बघत राहिली.

"बरी दिसते की गं मी," ती म्हणाली. "उगाच खणात ठेवला."