डावी बाजू थंड

आमच्या ह्यांचा कंपनीच्या मेकॅनिकवर विश्वास नव्हता, डॉक्टरवर नव्हता, आणि माझ्यावर तर लग्नापासूनच नव्हता. विश्वास होता तो फक्त स्वतःच्या बोटांवर. कळंबोलीत ट्रक टर्मिनलच्या मागे ह्यांचं लहान इंजिनांचं दुकान. जनरेटर, पाण्याचे पंप, फवारणीची मशिनं, सगळं तिथं यायचं. करंट तपासायचा मीटर भिंतीला होता, पण त्याच्या खिळ्यावर कायम ह्यांची टोपी. इंजिनाला हात लावायचा, क्षणभर थांबायचं आणि रोग सांगायचा, ही ह्यांची पद्धत. आणि सांगितलेला रोग बरोबर निघायचा, हे मला रागाच्या भरातसुद्धा नाकारता आलं नाही.

साखर बरीच वर्षं होती. गोळी घेतली की जिलेबी खायला आपण मोकळे, असा ह्यांचा हिशेब. मी ओरडून ओरडून थकले.

मुलगा आमच्याच घरात, कामोठ्याला, वरच्या मजल्यावर राहतो. वय झालं, आता दुकान बंद करा, म्हणून तो हात धुऊन मागे लागला होता. एकदा जेवताना दोघांची चांगलीच जुंपली. हे ताटावरून उठले आणि म्हणाले, "ज्या दिवशी मला फॉल्ट गावणार नाय, त्या दिवशी शटर मीच ओढीन. तवर कोणी बोलायचं नाय." मुलानं ते वाक्य गाठीला बांधलं. मलाही भीती होतीच. दुकान गेलं तर हा माणूस खाटेवर बसून भिंतीकडे बघत संपेल. माझे सासरे तसेच संपलेले मी पाहिलेत.

हाताखालचा माणूस सोडून गेल्यावर पाने द्यायला मीच जायला लागले. गुडघे ह्यांचे वाकत नाहीत आणि जीभ माझी वाकत नाही, अशी आमची जोडी. दहाचा पाना कुठला आणि चौदाचा कुठला, हे मला भाजीच्या जुडीसारखं ओळखता यायला लागलं होतं.

पनवेलच्या बाहेर गाढी नदीच्या बाजूला लग्नाचं एक लॉन आहे. त्यांच्याकडे गवत कापायचं मशीन होतं, बसून चालवायचं, कुणीतरी परदेशात वापरून विकलेलं. तिथली माणसं त्याला ट्रॅक्टरच म्हणायची. ते चालू व्हायचं, पण सगळं अंग थरथरायचं, सायलेन्सरमधून फटाके फुटायचे, आणि खालचं पातं जोडलं की इंजिन मान टाकायचं. मॅनेजर म्हणाला, "काका, लग्नसराई तोंडावर आलीय. नाय जमलं तर सांगा, मी कंपनीत पाठवतो." कंपनीचं नाव काढलं की ह्यांचं डोकं फिरायचं. तो बिचारा चांगल्या मनानंच बोलला होता.

पहिल्या खेपेला ह्यांनी जुनं पेट्रोल काढून टाकलं, कार्बोरेटर उघडून साफ केला, एअर फिल्टर झटकला. थरथर तशीच. "मिसिंग मारतंय," हे म्हणाले. "दोन सिलिंडर हायत, त्यातला एक झोपलाय." झोपलेला कुठला, हे ओळखायची परीक्षा सोपी. इंजिन थोडा वेळ चालवायचं आणि धुराच्या दोन्ही नळ्यांना बोट लावायचं. जी तापली तिचं सिलिंडर जिवंत, जी थंड राहिली तिचं मेलेलं. ह्यांनी डाव्या नळीला बोटं टेकवली न टेकवली तोच म्हणाले, "डावी बाजू थंड." उजवीला हात लावायची गरजच वाटली नाही त्यांना. आयुष्यभर एकाच स्पर्शात काम झालेलं.

डाव्या बाजूचा प्लग बदलला. फरक नाही. दुसऱ्या खेपेला प्लगला करंट देणारी डाव्या बाजूची कॉइल नवी बसवली. फरक नाही. घरी आल्यावर बोटांवर फोड दिसले, तर म्हणाले, सोल्डरिंगच्या चटक्याचे असतील. मी तूप लावलं आणि विसरले. रात्रीच्या जेवणाला मुलानं फक्त एकदा विचारलं, "लॉनचं मशीन झालं का?" साधाच प्रश्न होता, पण ह्यांचा घास तिथंच थांबला.

तिसऱ्या खेपेला हे सकाळपासून चिडलेले. कॉइल डुप्लिकेट, दुकानदार चोर, आणि पाना उशिरा दिला म्हणून मी बिनकामाची. त्या मशीनची एक खोड होती. सीटवर कुणी बसलेलं असेल तरच इंजिन चालायचं, माणूस उठलं की बंद. म्हणून मी पदर खोचून सीटवर बसले होते. लग्नाच्या लॉनवर म्हातारी बाई गवत कापायच्या ट्रॅक्टरवर, हे बघून मांडववाले हसत होते. मलाही हसू येत होतं, खोटं कशाला बोलू.

इंजिन चांगलं तापेपर्यंत चालवलं. मग हे पुढून वाकले आणि डाव्या नळीला तीन बोटं लावली. ह्या वेळी टेकवून उचलली नाहीत. खात्री करून घ्यायची होती ना, म्हणून दाबून धरली. "बघ," मला ओरडून म्हणाले, "थंडगार हाय. बोलतो ना मी."

कोंबडीची पिसं जाळल्यावर येतो तसा वास आला. आधी वाटलं, बेल्ट जळतोय. मग ह्यांच्या बोटांजवळून बारीक धूर निघताना दिसला. चेहऱ्यावर काही नव्हतं. फॉल्ट शोधताना असायचा तसाच शांत चेहरा. मी किंचाळून उठले आणि इंजिन बंद पडलं.

"उठलीस कशाला?" हे माझ्यावरच खेकसले. "आता परत तापवायला लागंल."

मी पुढे गेले आणि ह्यांचा हात नळीवरून ओढून काढला. कातडी तिथंच राहिली. मग बोटाला थुंकी लावून मी डाव्या नळीला टेकवलं, चर्र झालं. उजवीला टेकवलं. ती कोमट होती, हात धरून ठेवता येईल इतकी. हे माझ्याकडे बघत होते, मग स्वतःच्या बोटांकडे बघितलं. असं घाबरलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, सासरे गेले तेव्हासुद्धा नाही.

बागेच्या पाइपाखाली मी हात धरला. दुखतंय का विचारलं. "पाणी लागतंय," म्हणाले. लागतंय म्हणजे नुसतं डोळ्यांना दिसतंय, हे मला तेव्हाच समजलं.

फडक्यानं बोटं बांधून ह्यांनी उजव्या बाजूचं झाकण काढायला लावलं. पाना मीच फिरवला. आत वॉल्व्ह उघडणारी लांब सळई असते, ती वाकून आपल्या जागेवरून निसटली होती. वॉल्व्हच उघडत नव्हता, तर सिलिंडर चालणार कुठून? साधा रोग. ह्यांनी ती सळई दगडावर ठोकून सरळ केली, नवी येईपर्यंत चालेल म्हणाले, आणि बसवली. मी पुन्हा सीटवर बसले. इंजिन असं एकसारखं चाललं की मांडववाले वळून बघायला लागले. मॅनेजर म्हणाला, "काका, तुमच्या हातात जादू हाय." मला रडू फुटलं. त्यानं विचारलं, काकू, काय झालं? मी म्हटलं, धूर गेला डोळ्यात.

रिक्षात हे एवढंच म्हणाले, "पोराला सांगू नको."

मी नाही सांगितलं. हळद लावली, मलम लावलं, वेळ काढला. पण जखम चिघळली आणि बोटं काळी पडायला लागली. शेवटी मुलालाच वास आला. पनवेलच्या दवाखान्यात दोन बोटांची टोकं काढली. डॉक्टरीण बाई तरुण, गोड बोलणारी. ती मुलाला म्हणाली, "साखरेनं ह्या हाताची जाणीव गेली आहे. दुसऱ्या हाताला असेल तर बघू. नसेल तर ह्यांना गरम मशीन आणि हत्यारांजवळ जाऊ देऊ नका." हे खाटेवरून ऐकत होते. दुकानाचं काय ते आता त्या दुसऱ्या हातावर ठरणार, हे आम्हा तिघांनाही कळलं.

"काका, डोळे मिटा," डॉक्टरीण म्हणाली. "मी सुई टोचली की सांगायचं."

ह्यांनी डोळे मिटले, चांगला हात पुढे केला. डॉक्टरीण ट्रेमध्ये सुई शोधत होती.

"टोचली," हे म्हणाले.

ती थांबली, माझ्याकडे बघितलं. मग सुई घेऊन करंगळीला टोचली, रक्ताचा थेंब आला. हे गप्प. तिनं हात मागे घेतल्यावर म्हणाले, "आता अंगठ्याला टोचली. जरा जोरात." आवाज अगदी दुकानातला, गिऱ्हाइकाला रोग सांगताना असायचा तसा. मुलगा खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.

डोळे उघडून हे डॉक्टरीणबाईंकडे बघायला तयार नव्हते. माझ्याकडे बघितलं.

"बराबर सांगितलं ना?"

"हो," मी म्हणाले. "सगळं बरोबर."